कार्लाइलचे मैदान

हॅरिसबर्ग ही पेन्सिल्वेनिया राज्याची राजधानी. तिथली सस्क्वेहाना नावाची रुंद, उथळ नदी ओलांडून पश्चिमेकडे निघाले, की डोंगरांच्या दोन लांबच लांब रांगांमधली एक सपाट, सुपीक दरी लागते. मक्याची शेते, तांबड्या रंगाची लाकडी कोठारे, मधूनच एखादी सफरचंदांची बाग. ऑक्टोबर महिना असला तर झाडांच्या पानांना असे रंग चढलेले असतात, की शेवंती, झेंडू आणि कुंकवाचे करंडे कोणी डोंगरउतारावर उपडे केले आहेत असे वाटावे. याच दरीत, हॅरिसबर्गपासून तीसएक किलोमीटरवर, कार्लाइल हे गाव आहे.

आपल्याकडचा प्रवासी अमेरिकेत गेला की न्यूयॉर्क, नायगारा आणि वॉशिंग्टन अशी त्रिस्थळी यात्रा करून परततो. कार्लाइल त्याच्या यादीत नसते. वास्तविक गाव मोठे देखणे आहे. भर चौकात जुने न्यायालय आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३ च्या जुलैत, दक्षिणेच्या फौजेने गावावर तोफा डागल्या, त्यांच्या खुणा या इमारतीवर अजून दाखवतात. चार पावलांवर डिकिन्सन कॉलेज आहे; त्याची सनद १७८३ सालची, म्हणजे आपल्याकडे सवाई माधवरावांची कारकीर्द चालू असतानाची! पण मी कार्लाइलला गेले ती न्यायालय किंवा कॉलेज पाहायला नव्हे. १९१२ साली एका शाळेच्या फुटबॉल संघाने इथून निघून सारी अमेरिका गाजवली, त्या संघाचे मैदान मला पाहायचे होते.

मराठीच्या प्राध्यापिकेचा आणि फुटबॉलचा काय संबंध, असे वाचकांच्या मनात येईल. संबंध आला तो माझ्या भाच्यामुळे. माझी धाकटी बहीण कार्लाइलजवळच मेकॅनिक्सबर्ग नावाच्या गावी राहते. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी तिच्याकडे गेले होते. तिचा मुलगा तेरा वर्षांचा. डोक्याला शिरस्त्राण, खांद्यांवर ढालीएवढ्या गाद्या, अशा थाटात तो दर शनिवारी फुटबॉलला निघतो, तेव्हा हा सामन्याला चालला आहे की पानिपतला, असा प्रश्न पडतो. लहान मुलांच्या या खेळाची तिथे एक जुनी, मोठी संस्था आहे. तिला ‘पॉप वॉर्नर’ या नावाने ओळखतात. हा वॉर्नर कोण, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “मावशी, तो इथेच तर होता. कार्लाइलला. इंडियन स्कूलचा कोच.”

‘इंडियन’ म्हटल्यावर आपले कान टवकारतात. पण हे इंडियन आपल्यापैकी नव्हेत. कोलंबसाला आपण हिंदुस्थानच्या किनार्‍याला लागलो असे वाटले आणि त्याच्या त्या समजुतीचे ओझे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या नावावर कायमचे बसले. लकोटा, अपाची, होपी, चेरोकी, ओजिब्वे, साक आणि फॉक्स — प्रत्येकाची भाषा वेगळी, देव वेगळे, घरे बांधण्याची रीत वेगळी. पण गोर्‍या सरकारच्या वहीत सगळे ‘इंडियन’.

शाळेची हकीकत आधी सांगायला हवी, म्हणजे खेळाची कळेल. १८७९ साली रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकार्‍याने कार्लाइलच्या ओस पडलेल्या बराकींमध्ये ही शाळा काढली. त्या वर्षीच्या ६ ऑक्टोबरला, मध्यरात्रीच्या सुमारास, दूरच्या डाकोटा प्रदेशातून लकोटा जमातीची ब्याऐंशी मुलेमुली आगगाडीने इथे उतरली. प्रॅट दुष्ट नव्हता. ही माणसे गोर्‍यांच्या बरोबरीची होऊ शकतात असे तो मानत होता, आणि त्या काळी असे मानणारे थोडे होते. पण त्याच्या मते त्याला एकच उपाय होता : मुलातला इंडियन मारायचा आणि माणूस तेवढा वाचवायचा. हे त्याने १८९२ साली जाहीर भाषणात बोलून दाखवले.

हा उपाय कसा चाले, ते गावातल्या ऐतिहासिक मंडळाच्या संग्रहालयात छायाचित्रांतून दिसते. मूल आले त्या दिवशीचे एक चित्र : लांब केस, अंगावर ब्लँकेट, कानांत भूषणे. मग काही वर्षांनंतरचे दुसरे : तोकडे केस, गळाबंद कोट, आणि चेहर्‍यावर काहीच नाही. लकोटा लोकांत केस कापतात ते घरात कोणी वारले तर. मुलांच्या केसांना कात्री लागली तेव्हा त्यांना काय वाटले असेल, त्याची कल्पना करावी. मग फळ्यावर इंग्रजी नावे लिहिली गेली आणि मुलांना काठीने त्यांतले एकेक निवडायला सांगितले. लूथर स्टँडिंग बेअर हा त्या पहिल्या तुकडीतला मुलगा. पुढे तो लेखक झाला आणि हे सारे त्याने लिहून ठेवले. आणि शेवटचा नियम : आपली भाषा बोलायची नाही. बोललेला सापडला तर शिक्षा.

मी त्या नियमापाशी थांबले. पंधरा-वीस वर्षे वर्गात उभी राहून मी मुलांना एक भाषा शिकवते आहे. ती भाषा बोलल्याबद्दल एखाद्या मुलाला कोठडीत घालावे, ही कल्पनाच मला झेपेना. शेजारी भाचा उभा होता. तो माझ्याशी मराठी बोलतो, पण अर्ध्या वाक्यात अडला की इंग्रजीचा हात धरतो. त्याला कोणी मनाई केलेली नाही. बहीण तर आठवड्यातून एकदा त्याला बाराखडी गिरवायला बसवते. तरी पाण्याच्या भांड्याला बारीक तडा असावा तशी ती रोज थोडी थोडी झिरपून जाते आहे. ही दोन दुःखे एका मापाची नाहीत, हे मला कळते. एकात घर सोडून आपण आपल्या पायांनी गेलो, दुसर्‍यात मुलांना घरून उचलून नेले. पण त्या दिवशी त्या काचेसमोर मला दोन्ही एकदम दिसली, एवढे खरे.

शाळेची जागा आता पुन्हा लष्कराकडे आहे. लष्करी अधिकार्‍यांचे उच्च शिक्षणाचे विद्यालय १९५१ पासून तिथे भरते. आत जायचे तर ओळखपत्रे, परवानगी असे सोपस्कार आले. ते भाऊजींनी आधीच उरकून ठेवले होते. आत हिरवीगार कवायतीची मोकळी जागा आहे, भोवती पांढर्‍या गच्च्यांच्या जुन्या इमारती आहेत. एका कडेला जाड दगडी भिंतींची एक बुटकी वास्तू दिसते. ती १७७७ सालची, दारूगोळा ठेवण्यासाठी बांधलेली. शाळेच्या काळात तिच्यात कोठड्या होत्या. नियम मोडणारी, पळून जाताना सापडलेली मुले इथे ठेवत.

आणि तिथून काही अंतरावर ते मैदान! ‘इंडियन फील्ड’ हे त्याचे नाव अजून चालू आहे. साधेसुधे मैदान, बाजूला बसायला पायर्‍या. वारा सुटला होता आणि सुकलेली पाने गवतावरून घरंगळत होती. भाच्याने लगेच मला खेळ समजावून द्यायला घेतला. हा फुटबॉल आपला नव्हे. पायाचा संबंध बेताचाच. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबोडा. तो हातात घेऊन पळायचे, किंवा दुसर्‍याकडे फेकायचा, आणि समोरच्या अकरा जणांनी तुम्हांला लोळवायचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात तर चेंडू तुमच्याकडेच राहतो, नाहीतर समोरच्यांकडे जातो. शेवटच्या रेषेपलीकडे नेलात की टचडाऊन, त्याचे सहा गुण. “म्हणजे आपल्या हुतूतूत नारळ घातला की झाले,” मी म्हणाले. “मावशी, हुतूतू काय?” त्याने विचारले. मग पुढची दहा मिनिटे त्या ऐतिहासिक मैदानाच्या कडेला मी त्याला हुतूतू शिकवला!

चार प्रयत्न आणि सहा गुण हे दोन्ही नियम १९१२ च्याच हंगामात आले. पण कार्लाइलच्या खेळाची सुरुवात त्याच्या वीसएक वर्षे आधीची. डिकिन्सन कॉलेजशी खेळताना एका विद्यार्थ्याचा पाय मोडला, तेव्हा प्रॅटने खेळ बंद केला. पुढे विद्यार्थ्यांचे एक शिष्टमंडळ त्याच्याकडे गेले आणि त्यांनी इतक्या कळकळीने विनंती केली, की तो विरघळला. मात्र त्याने दोन अटी घातल्या. समोरच्याने मारले तरी उलट हात उगारायचा नाही, ही पहिली. आणि दुसरी, दोन-चार वर्षांत देशातल्या सगळ्यांत मोठ्या संघाला हरवून दाखवायचे. पहिल्या अटीमागचे त्याचे गणित स्पष्ट होते. गोर्‍या मुलाने ठोसा मारला तर तो खेळाचा भाग. इंडियन मुलाने मारला तर दुसर्‍या दिवशी वर्तमानपत्रे ‘रानटी’ म्हणून लिहिणार.

ग्लेन वॉर्नर, ज्याला ‘पॉप’ म्हणत, तो शिक्षक म्हणून १८९९ मध्ये आला. मध्ये काही वर्षे जाऊन १९०७ मध्ये परतला. त्याच्या पुढची अडचण अशी, की कार्लाइलची मुले अंगाने हलकी, आणि हार्वर्ड, पेन्सिल्वेनिया वगैरे विद्यापीठांचे खेळाडू एकेक पहाड. त्या काळचा फुटबॉल म्हणजे रेटारेटी. जो जड तो जिंकणार. तेव्हा अंगाऐवजी डोके आणि पाय वापरायचे, असे या मंडळींनी ठरवले. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध त्यांनी केलेली गंमत अजून सांगतात. उत्तरार्धाचा खेळ सुरू होताच सगळे गोळा झाले आणि चेंडू एका खेळाडूच्या सदर्‍याच्या आत, पाठीवर सरकवून दिला. सदर्‍याला मुद्दाम शिवून घेतले होते. हार्वर्डचे वीर ज्याच्या त्याच्या हातात चेंडू शोधत राहिले आणि तो पाठीवर पोक घेऊन मैदानाच्या टोकापर्यंत धावत गेला! तो सामना मात्र हार्वर्डनेच १२–११ असा जिंकला. पुढे १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. आदल्या हंगामात खेळताना कित्येक मुले प्राणास मुकली होती, म्हणून नियम बदलावे लागले. हा फेकीचा खेळ इतरांना कळेपर्यंत कार्लाइलने तो आपलासा केला होता.

या मुलांत एक जिम थॉर्प होता. ओक्लाहोमाच्या प्रदेशातला, साक आणि फॉक्स जमातीचा. त्याला जुळा भाऊ होता, तो लहानपणीच गेला. १९०४ मध्ये जिम कार्लाइलला आला, १९०९ मध्ये निघून गेला, आणि १९११ मध्ये परत आला. त्या वर्षी त्याने हार्वर्डविरुद्ध लाथेने चार गोल केले आणि कार्लाइलने १८–१५ असा सामना मारला. १९१२ च्या जुलैत तो स्टॉकहोमच्या ऑलिंपिकला गेला आणि पंचक्रीडा व दशक्रीडा या दोन्हींत सुवर्णपदके घेऊन आला. त्याच शाळेचा होपी विद्यार्थी ल्युईस तेवानिमा याने दहा हजार मीटरच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले. ऑगस्टमध्ये या दोघांची आणि वॉर्नरची कार्लाइलच्या रस्त्यांतून मिरवणूक निघाली. गाव लोटले होते.

आणखी एक गोष्ट मला त्या मैदानावर आठवत होती. त्या दिवसांत शाळेच्या व्यापारी शाखेत टंकलेखन आणि हिशेब शिकवणारी एक तरुण शिक्षिका होती. तिचे नाव मेरियन मूर. पुढे ती अमेरिकेतली मोठी कवयित्री म्हणून गाजली. थॉर्प तिच्या वर्गात होता. त्याचे वळणदार, स्वच्छ अक्षर तिच्या म्हातारपणापर्यंत लक्षात राहिले होते. साऱ्या जगाने त्याचे पाय पाहिले, शिक्षिकेने अक्षर पाहिले. आम्हां शिक्षकांचे असेच असते.

तर १९१२ चा हंगाम. थॉर्प कप्तान. ओजिब्वे जमातीचा गस वेल्च सूत्रे हलवणारा, तोच पुढे वकील झाला. त्याच जमातीचा जो गायॉन, चेरोकी स्टॅन्सिल पॉवेल, आणि अॅलेक्स अर्कासा. सप्टेंबरच्या अखेरीस ऑलब्राइटला ५०–७ आणि लेबनॉन व्हॅलीला ४५–० असे हरवून सुरुवात झाली. शेजारच्या डिकिन्सनला ३४–०. ऑक्टोबरमध्ये व्हिलानोव्हाला ६५–०. फक्त वॉशिंग्टन अँड जेफरसनशी सामना शून्यावर सुटला. नंतर बहुतेक सारे सामने परगावी. कार्लाइलच्या लहानशा मैदानावर किती तिकिटे खपणार! मोठ्या शहरांत मात्र ‘इंडियन’ संघ पाहायला झुंबड उडे, आणि उत्पन्नाचा वाटा शाळेच्या क्रीडानिधीत जमा होई. म्हणून ही मुले आगगाडीतच राहत. ऑक्टोबरच्या २६ तारखेला, शनिवारी, वॉशिंग्टन शहरात जॉर्जटाऊनला ३४–२० असे हरवले, आणि सोमवारी कॅनडातल्या टोरांटोत ४९–७ असा आणखी एक सामना जिंकला. मधल्या रविवारी विश्रांती ती आगगाडीच्या बाकावर.

आणि मग ९ नोव्हेंबर. हडसन नदीच्या काठी वेस्ट पॉइंट हे अमेरिकेच्या लष्करी अधिकार्‍यांचे विद्यालय. एका बाजूला उद्याचे सेनापती, दुसर्‍या बाजूला ज्यांच्या आज्यापणज्यांशी त्या सेनेने लढाया केल्या ती मुले. वूंडेड नी या ठिकाणी सैन्याने लकोटांच्या तळावर गोळ्या चालवून बायकामुलांसह दीडशेहून अधिक माणसे मारली, त्याला तेव्हा बावीस वर्षेही झाली नव्हती. मैदानावरच्या मुलांना ही गोष्ट पुस्तकात वाचायची गरज नव्हती.

पहिला टचडाऊन लष्कराचा. ०–६. मग जो बर्जीने कार्लाइलचे खाते उघडले. वॉर्नरने त्या दिवसासाठी नवी रचना आणली होती. दोन्ही बाजूंना पंखांसारखी माणसे उभी, त्यामुळे चेंडू कुठून कुठे जाणार याचा समोरच्यांना पत्ता लागेना. अर्कासाने एकट्याने तीन टचडाऊन केले. गायॉनसमोर उभा असलेला लष्कराचा धिप्पाड कप्तान लेलंड डिव्होर शेवटी चिडून त्याच्या अंगावर गेला आणि पंचांनी त्याला बाहेर काढले. कार्लाइलचा पॉवेलही ठोसा मारल्याबद्दल बाहेर गेला. प्रॅटची अट एकट्याने कुठवर पाळायची! शेवटी आकडे होते २७–६.

लष्कराच्या बाजूने त्या दिवशी थॉर्पला अडवायला धावणार्‍यांत एक कॅन्ससचा मुलगा होता. त्याच सुमारास त्याचा गुडघा दुखावला, आणि पुढच्याच सामन्यात तो असा निखळला की फुटबॉल कायमचा सुटला. त्याचे नाव ड्वाइट आयसेनहॉवर. १९५९ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष म्हणून तो दिल्लीला आला, तेव्हा त्याला पाहायला लोटलेली गर्दी जुन्या मंडळींना आठवत असेल.

पुढच्याच आठवड्यात पेन्सिल्वेनिया विद्यापीठाने कार्लाइलला ३४–२६ असे हरवले. हंगामातला तेवढाच पराभव. शेवटचा सामना २८ नोव्हेंबरला ब्राउन विद्यापीठाशी, ३२–०. चौदा सामने, बारा विजय, एक बरोबरी, एक हार. एकूण ५०४ गुण. त्यांत थॉर्पचे २५ टचडाऊन आणि १९८ गुण असा हिशेब सांगतात.

हंगाम संपला आणि जानेवारीत वीज कोसळली. थॉर्पने १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यांत नॉर्थ कॅरोलिनातल्या किरकोळ संघांतून थोड्याशा पैशांवर बेसबॉल खेळला होता, असे एका वर्तमानपत्राने छापले. त्या काळी कॉलेजची कितीतरी मुले हेच करीत, पण खोट्या नावाने. थॉर्प खर्‍या नावाने खेळला. ऑलिंपिकच्या नियमांप्रमाणे तक्रारीला तीस दिवसांची मुदत होती, ती केव्हाच उलटून गेली होती. तरी पदके काढून घेतली. आम्हांला काही ठाऊक नव्हते, असे म्हणून वॉर्नरने कानांवर हात ठेवले. जो पोरगा शाळेसाठी आठवडेच्या आठवडे आगगाडीत झोपला, त्याच्या मागे उभे राहायला कोणी नव्हते. त्याच्या लोकांना तर देशाचे सरसकट नागरिकत्वही मिळाले ते १९२४ मध्ये.

भाचा मघापासून गप्प होता. तो म्हणाला, “पण मावशी, ते जिंकत होते. मग शाळा चांगली असेल ना?” हा प्रश्न त्या वेळी सार्‍या अमेरिकेला पडला होता आणि उत्तर सोयीचे होते. जिंकणारा संघ हीच शाळेची जाहिरात. त्या उत्तराला पहिला धक्का दिला तो गस वेल्चने. १९१४ मध्ये त्याने दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या सह्या गोळा करून सरकारकडे अर्ज केला. संसदेची समिती चौकशीला आली. तिच्यापुढे शाळेची शिस्त, मुलांची आबाळ, क्रीडानिधीचा विनियोग, सारे निघाले. वॉर्नरच्या शिवराळ तोंडाबद्दल खुद्द खेळाडूंनी साक्षी दिल्या. मुख्याधिकारी गेला, वॉर्नरही दुसरीकडे गेला, आणि १९१८ मध्ये शाळा बंद झाली. तोवर १४० हून अधिक जमातींची सुमारे ७,८०० मुले तिथून गेली होती.

सगळीच परत गेली नव्हती. आवाराच्या कडेला, रस्त्याजवळ, एक लहान दफनभूमी आहे. सैनिकांच्या असतात तसे एकसारखे पांढरे दगड, ओळीत. क्षयाने आणि इतर रोगांनी गेलेली ही मुले. दगडावर नाव, जमात. काहींवर ‘अज्ञात’ एवढेच. थडगी मूळची दुसरीकडे होती, १९२७ मध्ये ती इथे हलवली. मेल्यावरही या मुलांना एका जागी राहू दिले नाही! दगडांपाशी कोणी लहानशी खेळणी ठेवली होती. २०१७ पासून लष्कर यांतले अवशेष टप्प्याटप्प्याने उकरून त्यांच्या जमातींच्या हवाली करते आहे. २०२१ मध्ये रोझबडची नऊ मुले अशी घरी गेली. सव्वाशेहून अधिक वर्षांनी, आप्तांच्या गाड्यांच्या रांगेतून. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी या आवाराला राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केले.

थॉर्प मात्र घरी गेला नाही. त्याचे गाव पाहायला आम्ही दुसर्‍या दिवशी निघालो. कार्लाइलहून पावणेदोन-दोन तासांची वाट, डोंगराळ मुलखातली. लीहाय नदीच्या अरुंद खोर्‍यात, आपल्या कोकणातल्या घाटाखालच्या गावासारखे चिंचोळे बसलेले एक गाव आहे. त्याचे मूळ नाव मॉक चंक. तिथल्या लेनापे लोकांच्या भाषेत अस्वलाचा डोंगर. दगडी कोळशावर एके काळी गडगंज झालेले, आणि कोळसा उतरणीला लागताच रया गेलेले. थॉर्प १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात वारला. ओक्लाहोमात त्याच्या लोकांनी अंत्यविधी मांडला होता, तो अर्धवट असतानाच त्याच्या तिसर्‍या पत्नीने पार्थिव उचलून नेले. स्मारक कोण बांधून देईल, हे ती शोधत होती. मॉक चंकला असेच काहीतरी हवे होते. १९५४ मध्ये नदीच्या दोन काठांवरच्या वस्त्या एक झाल्या आणि गावाने आपले नावच ‘जिम थॉर्प’ असे ठेवले. त्याच्या मुलांनी वडिलांना मायदेशी नेण्यासाठी पुढे दावा लावला. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न ऐकायचे नाकारले.

पदकांचे तेवढे झाले. १९८२ मध्ये ऑलिंपिक समितीने त्याला सहविजेता म्हणून मानले, पुढच्या जानेवारीत पदकांच्या प्रतिकृती मुलांच्या हाती दिल्या, आणि २०२२ मध्ये, पूर्ण ११० वर्षांनी, दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लिहिले.

गावाबाहेर रस्त्याच्या कडेला तांबूस दगडाची समाधी आहे. खाली ओक्लाहोमाची माती आणि स्टॉकहोमच्या मैदानाची माती घातली आहे. शेजारी चेंडू घेऊन धावणारा थॉर्प धातूत उभा केला आहे. आम्ही गेलो तेव्हा दुसरे कोणी नव्हते. नदीकडून प्रवाशांच्या आगगाडीची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. गावाने त्याची निगा चांगली राखली आहे, हे मान्य करायला हवे. गवत कापलेले, फुले ताजी. लोक प्रेमळ आहेत. पण पाहुण्याला कितीही मानाने ठेवले तरी त्याला घरी जाऊ द्यायचे असते, हे आपल्याकडे सांगावे लागत नाही.

भाच्याने संग्रहालयात टिपून घेतलेला कागद खिशातून काढला. त्यावर थॉर्पचे त्याच्या जमातीच्या भाषेतले नाव होते : वा-थो-हुक. इंग्रजीत त्याचा अर्थ लिहिला होता. तो म्हणाला, “मावशी, हे मराठीत कसं म्हणायचं?”

मी म्हणाले, “उजळलेली वाट.”

त्याने दोनदा म्हणून पाहिले. दोन्ही वेळा ळ चा ल झाला. मी काही बोलले नाही. मग गाडीकडे जाता जाता त्याने तिसर्‍यांदा म्हटले, सावकाश, जीभ उलटी वळवून, आणि या खेपेला ळ नीट उमटला.